परतीची वाट समुद्राची

माईंनी मुलींच्या शाळेत ३१ वर्षे भूगोल शिकवला. दर पावसाळ्यात भारतातील बेटांचा धडा येई आणि त्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, बंगालच्या उपसागराच्या जागी, खडूने एकाखाली एक ठिपके काढीत. उत्तर अंदमान, मध्य अंदमान, बारातांग, दक्षिण अंदमान. नंतर मोठी मोकळी जागा सोडून निकोबार. वाळूचा दांडा म्हणजे काय, हे समजावताना त्या दोन लहान वर्तुळे काढून त्यांच्यामध्ये एक पांढरी रेघ ओढीत आणि सांगत, "भरतीला ही दोन बेटे, ओहोटीला एकच." एकदा एका मुलीने विचारले होते, "बाई, तुम्ही पाहिलंय?" माईंनी खरे उत्तर दिले होते, "नाही. पण पाहणार आहे."

ते पाहणे लांबत गेले, कारण आप्पा साखर कारखान्याच्या हिशेब विभागात होते. अंदमानला जावे ते थंडीत, आणि थंडी म्हणजे गळीत हंगाम. उसाच्या गाड्या काट्यावर उभ्या असताना हिशेबनिसाने रजा मागायची नसते, हे आप्पांचे ठाम मत होते. निवृत्तीनंतर घर बांधून झाले, मुलाचे लग्न झाले, नातीचे बारसे झाले. मग माईंच्या कमरेचे दुखणे वाढले. मणक्याची शस्त्रक्रिया मार्चमध्ये करू, असे डॉक्टरांनी सांगितले आणि सहज पुस्तीही जोडली की त्यानंतर लांबचा, धक्क्यांचा प्रवास कायमचा विसरायचा. त्या रात्री जेवणे झाल्यावर आप्पांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेतले. "जानेवारीत जाऊ," ते म्हणाले. ही २०१६ सालच्या आरंभीची गोष्ट.

सांगलीहून चेन्नईपर्यंत रेल्वे आणि तेथून विमान, इथवर प्रवास सुखाचा झाला. पोर्ट ब्लेअरला (या शहराचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे) त्यांनी पहिला दिवस सेल्युलर जेलमध्ये काढला. मराठी माणूस तिथे गेला की त्याची पावले आपोआप सावरकरांच्या कोठडीकडे वळतात. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे ज्या इमारतीत ते होते, तिच्या सात भुजांपैकी आज तीनच उरल्या आहेत. माई त्या अरुंद कोठडीत क्षणभर उभ्या राहिल्या. उंचावरच्या झरोक्यातून आकाशाचा एक तुकडा तेवढा दिसत होता. भोवती सर्वत्र समुद्र आणि कोठडीतून तो दिसू नये अशी रचना, एवढेच त्या बाहेर आल्यावर बोलल्या.

पण माईंचे बेट पोर्ट ब्लेअरजवळ नव्हते. ते उत्तरेच्या टोकाला, दिगलीपूरच्याही पुढे होते. रॉस आणि स्मिथ नावाची ती जोडबेटे. पोर्ट ब्लेअरसमोरचे प्रसिद्ध रॉस बेट वेगळे, हे माईंनी आप्पांना तीन वेळा समजावले होते. दिगलीपूरला जाणाऱ्या सरकारी जहाजात त्या आठवड्यात जागा नव्हती. हेलिकॉप्टरच्या मोजक्या जागांवर रुग्णांचा हक्क आधीचा. उरला रस्ता. अंदमान ट्रंक रोड नावाचा हा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता पार करायला बसला पहाटेपासून संध्याकाळ होते. लॉजच्या कारकुनाने तिकिटे देताना आमिषासारखे एक वाक्य पुढे केले, "बसनेच जा साहेब. वाटेत जारवा दिसतील." आप्पांना त्याची उत्सुकता वाटली. न वाटती तरच नवल. वर्तमानपत्रातून वाचलेली आदिम जमात प्रत्यक्ष दिसणार, यात गैर ते काय?

पहाटे चार वाजता बस निघाली. माईंनी कमरेला पट्टा बांधला होता आणि पाठीमागे घरून आणलेली लहान उशी ठेवली होती. चाळीसेक किलोमीटरवर जिरकाटांगचे तपासणी नाके आले. तेथे अंधारातच बसगाड्या, मालट्रक आणि पर्यटकांच्या मोटारी रांगेत उभ्या होत्या. पुढचे जंगल जारवांसाठी राखीव. त्यातून सुमारे पन्नास किलोमीटर रस्ता जातो आणि वाहनांना पोलिसांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी, काफिल्यानेच जावे लागते. पहिला काफिला सकाळी ६ वाजता. नियम फलकावर ठळक लिहिले होते. गाडी थांबवायची नाही, छायाचित्र घ्यायचे नाही, खाऊ फेकायचा नाही.

माई फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचून आल्या. त्यांना या नियमांमागचा इतिहास ठाऊक होता. जारवा हजारो वर्षांपासून या जंगलात राहतात. बाहेरच्या माणसाला ते बाण मारून दूर ठेवीत. १९७०च्या दशकात हा रस्ता त्यांच्या जंगलातून पुढे सरकू लागला तेव्हाही त्यांनी विरोध केला. १९९७-९८च्या सुमारास ते प्रथमच शस्त्राविना वस्त्यांजवळ येऊ लागले आणि लगोलग, १९९९ मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ पसरली. ज्या रोगाला आपल्याकडे घराघरांत आजीचा उपाय असे, तो त्यांच्या शरीराला संपूर्ण अनोळखी होता. २००२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातून जाणारा रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता मात्र चालूच राहिला. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या चारशेही भरली नाही. "आपल्या शाळेत एका वेळी याहून जास्त मुली असायच्या," माई म्हणाल्या.

फाटक उघडले. दोन्ही बाजूंना गर्जन आणि पडौकचे वृक्ष इतके उंच की शेंडा पाहायला मान खिडकीला टेकवावी लागे. प्रकाश हिरवा आणि ओलसर होता. रस्ता जागोजाग उखडलेला. प्रत्येक खड्ड्यागणिक माईंचा हात समोरच्या दांडीवर आवळला जाई. अर्ध्या तासानंतर पुढच्या आसनांवर गलबला झाला. "वो देखो, वो देखो!" माणसे उभी राहिली, उजवीकडची मंडळी डावीकडे झुकली. चालकाने बस थांबवली नाही, पण वेग नक्कीच कमी केला.

रस्त्याच्या कडेला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा उभा होता. कमरेला लाल धागे आणि हातात एक काठी. तो पळाला नाही, हसला नाही, हातही पुढे केला नाही. त्याने एकेका खिडकीकडे पाहिले. आप्पांची खिडकी समोरून जाताना त्याची दृष्टी आप्पांच्या दृष्टीला भिडली आणि आप्पांनी चटकन नजर खाली वळवली. का, ते त्यांना त्या क्षणी सांगता आले नसते. बस पुढे गेली. मागे वळून पाहिले तेव्हा वळणाने रस्ता झाकला होता. शेजारी माई डोळे मिटून बसल्या होत्या.

"अगं, झोप लागली होती का?"

"नाही."

"मग? पाहिलं नाहीस?"

माई जरा वेळाने बोलल्या. "आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे ना, ते दारात उभे राहून मुलींकडे नुसते बघायचे. विचारायचे काही नाहीत. मुली अंग चोरून बसायच्या. मला ते कधी सहन झालं नाही. आज आपण तेच केलं असतं."

आप्पांनी यावर उत्तर दिले नाही. पुढचे बरेच अंतर बसमध्ये लोक त्या मुलाबद्दलच बोलत होते.

मिडल स्ट्रेटच्या धक्क्यावर बस, ट्रक आणि माणसे एकाच बोटीत चढतात. मोठ्या वाहनांच्या मधल्या फटीत प्रवासी उभे राहतात. दोन्ही तीरांवर कांदळवनाची मुळे पाण्यात पाय रोवून उभी होती आणि मगरींपासून सावध राहण्याचा फलक होता. उभे राहिल्याने माईंच्या कमरेला थोडा आराम पडला. त्यांच्या शेजारी एक वयस्क बंगाली बाई नातवाला कडेवर घेऊन उभी होती. मोडक्या हिंदीत ओळख झाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर जमिनी देऊन वसवले, त्यांपैकी एका कुटुंबातली ही सून. नातवाच्या छातीत पाणी झाले होते आणि पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात दोन आठवडे काढून ती गावी परतत होती. आप्पांनी न राहवून विचारले, हा रस्ता बंद झाला तर? तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतले. "रास्ता नहीं होता तो ये नहीं होता," ती म्हणाली. जरा थांबून पुढे म्हणाली, "पर जंगल में खिड़की बंद रखती हूँ. उनका घर है."

आप्पांचे सारे आयुष्य जमा आणि खर्च जुळवण्यात गेले होते. या बाईच्या दोन वाक्यांचा ताळा त्यांना जमेना. दोन्ही खरी होती. एक दुसऱ्याला खोडत नव्हते. मात्र एक गोष्ट त्यांना स्वच्छ दिसली. त्या बाईला रस्ता लागत होता. त्यांना स्वतःला तो मुलगा पाहण्याची गरज नव्हती.

बारातांग बेट ओलांडून दुसरी खाडी, पुन्हा तशीच बोट, मग कदमतला आणि रंगत. येथून पुढे रस्ता अधिकच बिघडला. माई आता बसू शकत नव्हत्या. वाहकाने मागचे लांब आसन रिकामे करून दिले आणि त्या कुशीवर आडव्या झाल्या. आप्पा मधल्या जागेत उकिडवे बसून, प्रत्येक धक्क्याला त्या घसरू नयेत म्हणून, हाताने आधार देत राहिले. एका वळणावर मोठा आवाज झाला आणि बस कलून थांबली. कमानपाटा तुटला होता. दुसरा येईपर्यंत दोन-अडीच तास तरी लागणार होते.

प्रवासी उतरून झाडाखाली बसले. आप्पांनी रस्त्याकडेच्या गवतावर सतरंजी अंथरली. अंदमान आपल्या देशाच्या इतके पूर्वेला आहे की घड्याळ आपलेच असूनही जानेवारीत साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम सांभाळायचा तर पाच वाजताच शिदोरी सोडायला हवी, हे माईंनी पोर्ट ब्लेअरलाच हेरून ठेवले होते. दशम्या, शेंगांची चटणी आणि केळी. त्यांनी बंगाली बाईलाही दशमी दिली. तिने नातवाला चटणी चाटवून पाहिली, त्याने तोंड वेडेवाकडे केले आणि पुन्हा हात पुढे केला. दुखण्यातही माई हसल्या. जेवण संपले तेव्हा झाडांमागचा उजेड विझत होता.

"परत जायचं का?" आप्पांनी विचारले. "रंगतला मुक्काम करू, उद्या माघारी फिरू. तुझ्या कमरेचं काही झालं तर मी घरी काय सांगू?"

"सांगा की भूगोलाच्या बाई नकाशात राहिल्या," माई म्हणाल्या. "पुढेच जाऊ."

रात्री उशिरा, मायाबंदरजवळचा मोठा पूल अंधारातच ओलांडून, ते दिगलीपूरला पोहोचले. दुसरा सबंध दिवस माई अंथरुणावर होत्या. आप्पा बाजारातून गरम पाण्याची रबरी पिशवी आणि वरणभात घेऊन आले. दिगलीपूर म्हणजे भातशेतीचे, नारळी-केळींचे गाव. आसपासची गावे कालीघाट, दुर्गापूर, कालीपूर अशा बंगाली नावांची. क्षितिजावर सॅडल पीक, अंदमानातील सर्वांत उंच शिखर, ७३२ मीटर. पडल्या पडल्या माईंनी आप्पांना आणखी एक गोष्ट सांगितली. याच उत्तर अंदमानात एके काळी 'बो' नावाची भाषा बोलली जाई. तिची अखेरची जाणकार वृद्धा, बोआ सीनियर, २०१० च्या जानेवारीत वारली. शेवटची अनेक वर्षे तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोणीच उरले नव्हते. आप्पा खिडकीतून बाहेर पाहत राहिले. "मग ती बोलत कोणाशी असेल?" त्यांनी विचारले. माईंकडे त्याचे उत्तर नव्हते.

तिसऱ्या दिवशी एरियल बेच्या धक्क्यावर वनखात्याचा परवाना घेऊन ते यांत्रिक होडीत बसले. ओहोटीची वेळ माईंनी आदल्या दिवशीच विचारून घेतली होती. अर्ध्या तासाच्या आत दोन हिरवी बेटे समोर आली आणि त्यांच्यामध्ये, पाण्यावर नुकतीच ठेवल्यासारखी, पांढऱ्या वाळूची एक वक्र पट्टी.

माई आप्पांच्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या आणि दांड्यावर चालू लागल्या. उजवीकडून एक लाट येई, डावीकडून दुसरी. दोन्ही लाटा वाळूच्या पाठीवर येऊन विरत. पाणी इतके नितळ की माशांच्या सावल्या तळावर सरकताना दिसत होत्या. मध्यभागी आल्यावर माई थांबल्या आणि काठीच्या टोकाने ओल्या वाळूत दोन वर्तुळे काढली. "हे पाहा, लाट बेटाला अडते, मग दोन्ही बाजूंनी वळसा घालते. मागे दोन्ही लाटा भेटतात, तिथं जोर संपतो आणि हातातली वाळू खाली पडते. वर्षानुवर्षे असं पडत पडत हे झालं." आप्पांनी हा धडा याआधी कधी ऐकला नव्हता. ४० वर्षांच्या संसारात त्यांनी माईंना शिकवताना पाहिलेच नव्हते. त्यांनी विद्यार्थ्यासारखा प्रश्न विचारला, "आणि हे कायमचं असतं?"

"काहीच नसतं. २००४ च्या डिसेंबरात भूकंप झाला, त्सुनामी आली, तेव्हा उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला, पाण्यातलं प्रवाळ उघडं पडून मेलं. आणि तिकडे निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंट खाली खचला. मी फळ्यावर तसेच जुने ठिपके काढत राहिले."

तासाभरात दांड्याची कड आत येऊ लागली. होडीवाल्याने हाक मारली. माईंनी काढलेल्या वर्तुळांपर्यंत पाणी पोहोचले होते. त्या ती पुसली जाईपर्यंत थांबल्या आणि मगच वळल्या.

परतीची बस दुसऱ्या पहाटेची होती, तिकिटे काढलेली होती. पोर्ट ब्लेअरहून विमान त्यानंतर दोन दिवसांनी. संध्याकाळी आप्पा "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडले, ते दीड तासाने आले. त्यांच्या हातात सरकारी जहाजाची दोन तिकिटे होती. जहाज चार दिवसांनी सुटणार होते.

"अहो, आणि विमान?"

"ते जाईल."

"पैसे?"

"तेही जातील." आप्पांनी चप्पल काढून कोपऱ्यात नीट ठेवली. "तुझ्या कमरेला बस झेपायची नाही, हे एक. आणि दुसरं," ते थोडे अडखळले, "गरज नसताना त्या पोराच्या दारावरून पुन्हा कशाला जायचं?"

माई काही बोलल्या नाहीत. आप्पा कमरेचे कारण पुढे करून थांबू शकले असते, ते थांबले नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. जाताना त्यांनी स्वतः डोळे मिटले होते खरे, पण बसमध्ये त्याही होत्याच. डोळे मिटल्याने चाके थांबली नव्हती. हा हिशेब त्यांच्याही मनात उघडाच होता.

आप्पांच्या खर्चाच्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे. विमानाच्या बुडालेल्या तिकिटांची रक्कम त्यांनी 'प्रवास' या सदराखाली लिहिली आहे. शेजारचे 'नुकसान' हे सदर कोरे आहे.

चार दिवस त्यांनी दिगलीपुरात शांतपणे काढले. जहाजाच्या खालच्या बंकवर माई आडव्या झाल्या आणि कित्येक दिवसांनी सलग झोपल्या. समुद्राचा झोका रस्त्याच्या धक्क्याहून कितीतरी मायाळू होता. आप्पा मध्यरात्री डेकवर उभे राहिले. उजव्या हाताला, दूर, बेटांची काळी रेघ सरकत होती. एखाद्या गावाचा दिवा दिसे आणि मागे पडे. मग बराच वेळ काहीच दिसत नसे. त्या कोऱ्या अंधारात, डोंगरांच्या पलीकडे, ते जंगल असेल आणि त्यात तो मुलगा झोपला असेल, असे त्यांना वाटले. त्या अंधारात एकही दिवा नव्हता आणि तो लागावा अशी इच्छाही त्यांना झाली नाही.

मार्चमध्ये माईंची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लांबचे रस्ते संपले. घरी भेटायला येणारी मंडळी औषधपाण्याची चौकशी झाली की अंदमानकडे वळत आणि आवाज किंचित खाली आणून विचारत, "आणि ते जारवा? दिसले का?"

आप्पा प्रत्येकाला एकच उत्तर देतात. "जाताना चूक झाली. येताना आम्ही समुद्राने आलो."